'आय विल ट्राय'च्या ऐवजी काय बोलू?

प्रश्न: क्लायंटने कॉलवर विचारलं की काम शुक्रवारपर्यंत होईल का, तर माझ्या तोंडून 'आय विल ट्राय' एवढंच निघतं. मॅनेजर म्हणतात कॉन्फिडन्स दिसत नाही. मग काय बोलू?

उत्तर: अगं, 'आय विल ट्राय' ऐकलं की समोरच्याला वाटतं, बघू, जमलं तर जमलं! काम वेळेत चालू असेल तर सरळ 'वी आर ऑन ट्रॅक फॉर फ्रायडे' म्हण, आणि थोडी शंका असेल तर 'वी शुड बी एबल टू फिनिश बाय फ्रायडे', यात 'शुड'मुळे भरवसाही दिसतो आणि उद्या सर्व्हर बंद पडला तर तू खोटी पण पडत नाहीस. 'आयम प्रिटी कॉन्फिडंट' पण छान. 'आयम पॉझिटिव्ह' मात्र जपून, त्याचा अर्थ मला पक्की खात्री आहे असा होतो, आपण समजतो तसं पॉझिटिव्ह थिंकिंग वगैरे नाही. 'होपफुली' एखाद्या वेळी ठीक, प्रत्येक वाक्यात नको, सगळं देवावर सोडल्यासारखं वाटतं. 'फिंगर्स क्रॉस्ड' मैत्रिणीच्या रिझल्टला म्हण, डेडलाइनला नको. आणि 'टच वुड' हे ब्रिटिश, अमेरिकन क्लायंट 'नॉक ऑन वुड' म्हणेल, गोंधळू नकोस.