बीअर गेम पहिल्यांदा खेळतोयस ना, मग एवढं कर

भावा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बनलेला हा बीअरच्या पेट्या पुरवायचा गेम दिसतो सोपा, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी असे चौघं, पण एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डर पुढे द्यायची. शिल्लक पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च लागतो, ऑर्डर असून न दिलेल्या पेटीला एक डॉलर, म्हणून माल संपला की सगळे घाबरून ऑर्डर फुगवतात, मीही तेच केलेलं. ऑर्डर दिलेला पण अजून वाटेत असलेला माल दर आठवड्याला वहीत लिही, तो धरूनच पुढची ऑर्डर दे. नाहीतर आपल्याकडं लासलगावला भाव चढला की सगळेच कांदा लावतात आणि मग एकदमच माल येतो ना, अगदी तस्संच होतं. आणि फॅक्टरीवाल्याला शिव्या देऊ नकोस, त्याला गिऱ्हाईक दिसतच नाही रे.