अर्धांगवायूनंतर हाताची हालचाल परत यावी म्हणून आरशाचा उपचार खरोखर उपयोगी पडतो का?

तुमच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात अजून लुळाच आहे, आणि आरसा समोर ठेवून करायच्या व्यायामाने काही फरक पडतो का, तो घरी करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा व्यायाम रुग्णांना नेहमी शिकवतो. फरक पडू शकतो आणि तो घरीही करता येतो. मात्र नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून, तो बंद करून नव्हे.

ही कल्पना मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांची. हात कापावा लागलेल्या कित्येकांना त्या नसलेल्या हातात वेदना जाणवतात; अशा रुग्णांसाठी त्यांनी १९९०च्या दशकात आरसा वापरला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अर्धांगवायूच्या नऊ रुग्णांवरील छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अभ्यास वाढत गेले. उपचारांबद्दलचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ साली ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात हातापायांची हालचाल आणि रोजची कामे यांत सुधारणा दिसली. ही सुधारणा बेताचीच असते, हेही सांगायला हवे. चमत्काराची आशा दाखवणाऱ्यांपासून दूर राहा.

आरसा छातीच्या मध्यरेषेसमोर टेबलावर उभा ठेवायचा, त्याची चकचकीत बाजू डाव्या, म्हणजे चांगल्या हाताकडे. उजवा हात आरशामागे पूर्ण झाकलेला आणि टेबलावर नीट टेकलेला असावा. वडिलांनी डावा हात हलवायचा आणि पाहायचे ते आरशात. तिथे डाव्या हाताचे प्रतिबिंब उजव्या हातासारखे दिसते आणि लुळा हात हलतो आहे असा भास होतो. डोळ्यांकडून मिळणाऱ्या या माहितीमुळे मेंदूतील हालचालीशी निगडित भाग जागे होतात, असे मानले जाते. त्यामागची नेमकी प्रक्रिया कोणती, यावर मात्र तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही.

सगळा खेळ त्या भासाचा असल्यामुळे तो मोडणारी क्षुल्लक गोष्टही महाग पडते. माझ्या एका रुग्णाचाही उजवा हातच लुळा पडला होता. आठवडाभर इमानेइतबारे व्यायाम करूनही त्यांना काहीच जाणवत नव्हते. मी शेजारी बसून विचारले, तेव्हा ते वैतागून म्हणाले, “हा माझा हात नव्हेच. मी उजव्या हातात घड्याळ कधी बांधत नाही.” डाव्या मनगटावरचे घड्याळ आरशात उजवीकडे दिसत होते, आणि ते माझ्याही लक्षात आले नव्हते. म्हणून अंगठी, घड्याळ, बांगड्या, दोरा, सगळे आधी काढून ठेवावे. दुसरी चूक याहून अधिक वेळा होते: रुग्ण आरशाऐवजी खऱ्या हाताकडेच पाहत राहतो. वडिलांची नजर कुठे आहे, याकडे सुरुवातीला तुम्हीच लक्ष ठेवा.

हालचाली साध्या आणि अगदी सावकाश असाव्यात: मूठ उघडणे-मिटणे, मनगट वर-खाली करणे, तळहात पालथा-उताणा करणे, अंगठा एकेका बोटाला लावणे. झाकलेल्या हातानेही तीच हालचाल करण्याचा मनापासून प्रयत्न करायचा, मग तो प्रत्यक्षात हलो वा न हलो. अभ्यासांमध्ये बहुधा रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे चार आठवडे असा क्रम आढळतो. पण लक्ष टिकत नसेल तर दहा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करावेत, कारण मन दुसरीकडे असताना हात हलवत बसण्याला काही अर्थ नाही.

काहींना आरशात पाहताना गरगरते, मळमळते, क्वचित रडूही येते. तसे झाले तर आरसा बाजूला करून थोडे थांबावे. वडिलांना सूचना समजत नसतील, दृष्टी फारच अधू असेल किंवा शरीराच्या उजव्या बाजूचे भानच नसेल, तर आधी तुमच्या थेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी. लुळ्या हाताचा खांदा सहज निसटतो, त्यामुळे हात आरशामागे ठेवताना तो ओढू नये. कोपराखाली आधार देऊन उचलावा.

आणि बोटांत थोडी जरी हालचाल दिसू लागली, तरी रोज काही वेळ तो हात आरशामागून बाहेर काढून त्याला पेला धरणे, कपड्याने टेबल पुसणे अशी खरी कामे द्यायला सुरुवात करावी.