मॅकसाठी मुलीची ठेव मोडावी का?

लातूरमध्ये लग्नाच्या छायाचित्रणाचा आणि व्हिडिओचा व्यवसाय करणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये इंटेल प्रोसेसरचा २७ इंची आयमॅक घेतला. ॲपल आता अशा यंत्रांचा पाठिंबा काढून घेत आहे आणि पंधरा वर्षे एकाच कंपनीशी निष्ठा ठेवून हेच फळ मिळाले, याचा त्यांना संताप आहे. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत. मॉनिटरसह मॅक स्टुडिओ ३ लाख ६० हजारांना पडतो आणि तो बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांवर, मिळतो. जास्त मेमरीचा मॅक मिनी आणि साधा मॉनिटर यांचे मिळून १ लाख ४० हजार होतात. ॲपल कायमचे सोडले, तर जोडणी केलेला विंडोज संगणक १ लाख ६० हजारांना मिळतो. वर्षाकाठी सुमारे २८ लग्ने, १४ लाखांची उलाढाल, ६ लाखांचा नफा आणि महिन्याला ३५ हजारांचा घरखर्च, असा त्यांचा हिशेब आहे. बचत खात्यात दीड लाख रुपये आहेत. मुलीच्या अकरावी-बारावीसाठी ४ लाखांची मुदत ठेव ठेवलेली आहे आणि ती मोडावी का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुमचा राग मला समजतो आणि तो निराधार नाही. २०११ मध्ये ॲपलचे व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आले, तेव्हा त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रकल्प उघडत नव्हते आणि अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र संपादित करण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. लग्नाचे काम करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. छायाचित्रकारांनी आपला सारा संग्रह ज्यात मांडला होता, ते ॲपलचे ॲपर्चर हे सॉफ्टवेअर बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये जाहीर झाला. ज्याची मेमरी मागचे झाकण उघडून स्वतः वाढवता येत होती, तो तुमचा २७ इंची आयमॅक मार्च २०२२ मध्ये विक्रीतून गेला. आताच्या मॅकमध्ये खरेदीच्या वेळी घेतलेली मेमरी नंतर वाढवताच येत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण पुढचा निर्णय तिच्यावरच उभा आहे. इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे जाण्याची घोषणा ॲपलने जून २०२० मध्ये केली होती आणि तुमचे मॉडेल त्यानंतर दोन महिन्यांनी बाजारात आले. तुम्ही ते घेतले, तेव्हा नव्या एम१ चिपची यंत्रे विक्रीला येऊन दोन महिने झाले होते. कंपनी कोणत्या दिशेला निघाली आहे, हे जाहीर असताना आपण जुन्या दिशेच्या यंत्रात पैसे घातले. यापूर्वीही असेच घडले होते. इंटेलच्या आधीची पॉवरपीसी चिप सोडण्याची घोषणा जून २००५ मध्ये झाली आणि ऑगस्ट २००९ मधील नवी प्रणाली त्या यंत्रांवर चाललीच नाही. या वेळी घोषणेपासून इंटेल यंत्रांवर चालणाऱ्या शेवटच्या प्रणालीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०२५ मधील टाहोपर्यंत, पाच वर्षे मिळाली. म्हणून संगणकाचे आयुष्य चार वर्षे धरावे आणि त्यापुढे तो चालला तर तो लाभ समजावा, असे मी व्यावसायिकांना सांगतो.

राग आला म्हणून विंडोजकडे जाणे हा त्यावरचा इलाज आहे, असे मला वाटत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक चालती यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मात्र त्या पर्यायाचा एक खरा फायदा आहे. आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ करणारे बरेच एडिटर एडियस या संपादनाच्या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि ते फक्त विंडोजवर चालते. त्यामुळे हंगामात मदतनीस मिळणे सोपे जाते. तुम्ही एकटेच संपादन करता आणि तुमचे सगळे काम फायनल कटमध्ये आहे, जे विंडोजवर नाही. नवे सॉफ्टवेअर हातात बसेपर्यंत सहा लग्नांचे संपादन प्रत्येकी ८ हजारांना बाहेर द्यावे लागले, तर ४८ हजार वाढतात आणि स्वस्त दिसणारा हा पर्याय २ लाख ८ हजारांवर जातो.

आता मॅक स्टुडिओ. नफ्यातून वर्षाचा ४ लाख २० हजारांचा घरखर्च वजा केला, तर तुमच्या हाती १ लाख ८० हजार उरतात, आणि हप्ते आहेत ३ लाख ६० हजारांचे. एवढ्यावरच हा पर्याय बाद होतो. त्यातून हप्ता दरमहा ३० हजारांचा आहे, तर तुमची कमाई दरमहा येत नाही. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात आणि त्या चार महिन्यांत १ लाख २० हजारांचे हप्ते बचतीतून जातील. सोयाबीन पडत्या भावाने विकावे लागले की लग्नाच्या बैठकीत पहिली कात्री ड्रोनला आणि अल्बमला लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याच्या किती शिवारांत खरीप पाण्याखाली गेला, ते आठवा आणि मग बारा महिन्यांचा ठरीव हप्ता डोक्यावर घ्यायचा का, ते ठरवा. ‘नो कॉस्ट’ या शब्दांवरही विसंबू नका. प्रक्रिया शुल्क लागते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा हातची जाते.

कराचा मुद्दा मांडून दुकानदार तुमचे मन वळवतील, म्हणून त्याविषयीही लिहितो. तुमची उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेखाली आहे आणि तुमची जीएसटी नोंदणी नाही. तेव्हा ३ लाख ६० हजारांतील सुमारे ५५ हजारांचा कर तुम्हाला परत मिळणार नाही. तेवढ्यासाठी नोंदणी केली, तर वधूपित्याच्या बिलावर १८ टक्के चढवावे लागतील आणि त्याला त्याचा काहीच परतावा नाही. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, विवरणपत्र भरत असाल, तर संगणकाचा घसाराही वेगळा मागता येत नाही.

तेव्हा ठेव मोडू नका आणि तिच्यावर कर्जही काढू नका. बारावी आणि नीटच्या शिकवणीची फी लातूरमध्ये कशी भरावी लागते, हे लातूरकराला सांगायला नको. दीड लाखांची बचतही तशीच राहू द्या. बिनमुहूर्ताच्या चार महिन्यांचा घरखर्च १ लाख ४० हजार होतो आणि ती त्याच्यासाठीच आहे. नव्या सुविधा थांबल्या, तरी टाहोनंतर साधारण तीन वर्षे इंटेल मॅकना सुरक्षा दुरुस्त्या देण्याचे ॲपलने सांगितले आहे. म्हणजे हा हंगाम आहे त्या आयमॅकवर निश्चिंतपणे काढता येईल. दर लग्नाचा ॲडव्हान्स हातात पडला की त्यातले ५ हजार वेगळ्या खात्यात टाका. २८ लग्नांचे १ लाख ४० हजार होतात, म्हणजे हंगाम संपताना मॅक मिनी आणि मॉनिटर रोखीने घेता येतील. मेमरी नंतर वाढत नसल्यामुळे पैसे तिथेच घाला; साठवण मात्र बाहेरच्या एसएसडीवर ठेवा, ती पुढच्या यंत्रालाही जोडता येते. मिनीला वीज कमी लागते, त्यामुळे वीज गेली तरी लहान यूपीएसवर तो बराच वेळ तग धरतो.

खरेदीनंतर हे खाते बंद करू नका. दर लग्नामागे २ हजार टाकत राहिलात, तर चार वर्षांत २ लाख २४ हजार जमतील आणि पुढचे यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यायचे, हे त्या वेळी मोकळेपणाने ठरवता येईल. तोपर्यंत पूर्ण झालेल्या प्रत्येक लग्नाची अंतिम फाइल आणि मूळ चित्रण फायनल कटच्या लायब्ररीबाहेर, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवण्याची सवय लावून घ्या. जुन्या आयमॅकचा पडदा नव्या यंत्राला साध्या मॉनिटरसारखा केबलने जोडता येत नाही, म्हणून तो ठेवून घेण्याच्या मोहात पडू नका. मिनीवर चार-पाच लग्ने व्यवस्थित पार पडली की तो पडद्यासकट विका आणि आलेली रक्कम त्याच खात्यात भरा.