‘नळीकिडा’ की ‘नलिकाकृमी’?

नागपुरातील मराठी माध्यमाच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारले आहे की, समुद्रात नळीत राहणाऱ्या ‘ट्यूबवर्म’ला फळ्यावर ‘नळीकिडा’ लिहावे की ‘नलिकाकृमी’. कारण ‘नळीकिडा’ म्हणताच मुलांच्या डोळ्यांसमोर झुरळ येते.

मुलांचे चुकत नाही. आपल्या बोलण्यात ‘किडा’ हा कीटकाच्याच अंगाने जातो, आणि हा प्राणी तर गांडुळाच्या गोतातला, म्हणजे वलयी संघातला आहे. ‘जंत’ पोटाबाहेर निघतच नाही. उरला ‘कृमी’, त्यालाही जंतांच्या गोळीचा वास आहे खरा, पण त्याचा अर्थ पोटापुरता मर्यादित नाही. गंमत अशी की, १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २५०० मीटर खोलीवरच्या उष्ण झऱ्यांपाशी सापडलेल्या ‘रिफ्टिया’ या कृमीला प्रौढावस्थेत तोंडही नसते आणि आतडेही नसते: पोटातला जंत दुसऱ्याच्या आतड्यावर जगतो, तर याच्या शरीरातील एका अवयवात जीवाणूच खच्चून भरलेले असतात. नळीबाहेर डोकावणारा त्याचा तांबडा तुरा पाण्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड घेतो, त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनबरोबर सल्फाइडही वाहून नेते, आणि त्या सल्फाइडपासून मिळालेल्या ऊर्जेवर जीवाणू दोघांचेही अन्न तयार करतात.

‘नळी’ला माझा विरोध नाही, पण सावजी खानावळींच्या या शहरात ती आधी ताटातली आठवते, म्हणून ‘नलिका’ बरी. शिवाय ही नलिका म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखा शरीराला जोडलेला भाग नव्हे; प्राणी तीत मोकळा असतो आणि धोका जाणवताच तुरा आत ओढून घेतो. त्यामुळे ‘नलिका असलेला कृमी’ असे न सांगता ‘नलिकेत राहणारा कृमी’ असा विग्रह सांगावा.

क्रियापदही जपून निवडावे. रिफ्टिया कायटिन व प्रथिनांची नलिका स्रवतो, सर्प्युला हा दुसरा नलिकाकृमी चुनखडीची स्रवतो. सॅबेलारिया हा तिसरा नलिकाकृमी मात्र वाळूचे कण स्वतःच्या चिकट स्रावाने एकमेकांना जोडत जातो, म्हणून तो नलिका ‘बांधतो’ असे म्हणणे अगदी शोभते.

‘नलिकाकृमी’तला ‘मी’ दीर्घ लिहावा. ‘कृमिनाशक’मध्ये मात्र कृमी पूर्वपदी येत असल्याने ‘मि’ ऱ्हस्वच राहतो.