तांब्यातले सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतले तर काय उरेल?

तुमचा प्रश्न असा, की तांब्याच्या तांब्यातून इलेक्ट्रॉन काढतच राहिलं तर तो कधीतरी रिकामा होईल का, निदान वजनाला तरी हलका लागेल का. नाही हो. त्याच्या फार आधी हवाच आडवी येईल.

पाव किलोचा तांब्या घ्या. तांब्याच्या एका अणूत 29 इलेक्ट्रॉन, म्हणजे सगळे मिळून साधारण 7 वर 25 शून्यं. आता तो 5 सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा समजू (गळा असतो, ठाऊक आहे, गणितापुरता कापला). इलेक्ट्रॉन काढत गेलो की धन प्रभार पृष्ठभागावर साचत जातो. तिथलं विद्युत क्षेत्र सेंटिमीटरला 30,000 व्होल्टच्या आसपास पोचलं की कोरडी हवासुद्धा टिकत नाही. तिच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन निखळतात, ते तांब्याकडे धावतात आणि केलेली मेहनत पाण्यात. तोवर काढून झालेले असतात जेमतेम 5 लाख कोटी. आकडा दांडगा वाटतो, पण हे प्रमाण 13 लाख कोटींत एक एवढंच पडतं. सोनाराचा काटासुद्धा हलणार नाही.

व्होल्टेज मात्र दीड लाख! ठाणे स्टेशनात लोकलच्या वरच्या तारेत 25,000 असतात. तरी ती तार जीव घेते आणि हा तांब्या नुसता चटका देईल, कारण त्याच्यावरचा प्रभार एक मायक्रोकूलंबसुद्धा (प्रभाराचं एकक कूलंब, त्याचा दहा लाखावा भाग) नाही, आणि मागून नवा येत नाही.

बहुतेकांचा घोळ होतो तो इथे: इलेक्ट्रॉन वाहिले म्हणजे कमी झाले, असं वाटतं. 2 अँपिअरच्या मोबाइल चार्जरच्या वायरीतून एका सेकंदात या तांब्यातून काढलेल्यांच्या चोवीस लाख पट इलेक्ट्रॉन जातात. तरी वायर धनप्रभारित होत नाही, कारण एका टोकाने जितके बाहेर पडतात तितकेच दुसऱ्या टोकाने आत येतात.

प्रयोग करून बघणार असाल तर पावसाळा टाळा. मी नौपाड्यात बारावीच्या शिकवण्या घेतो. एका जुलैत मुलांसमोर विमशर्स्ट यंत्राचं (चकत्या फिरवून प्रभार साचवणारं यंत्र) चाक हात दुखेपर्यंत फिरवलं, ठिणगी काही पडेना. काचेच्या दांड्यांवर दमटपणाचा थर बसलेला, प्रभार तिथूनच पसार. शेवटी हेअर ड्रायरने दांड्या वाळवल्या तेव्हा एकदाची बारीकशी 'टक्' ऐकू आली. जानेवारीत तेच यंत्र चार फेऱ्यांत तडतडतं.