'लेट्स टेबल धिस' म्हणजे विषय चर्चेला घ्यायचा की सोडून द्यायचा?

बोलणारा कुठला आहे ते आधी बघा, मग अर्थ लावा. तुमचे मॅनेजर अमेरिकेतल्या डॅलसचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुमचा प्रस्ताव 'टेबल' करू असं ते म्हणाले, तेव्हा त्यांनी तो तूर्तास बाजूला ठेवला. तुम्ही लगेच स्लाइड्स उघडल्यात आणि सगळे गप्प झाले, ते त्यामुळेच. लंडनच्या माणसाने हेच वाक्य म्हटलं असतं तर तुमचं बरोबर होतं. त्याच्या तोंडी याचा अर्थ: चला, घेऊ विषय चर्चेला.

आपल्या कानांना ब्रिटिश अर्थ सवयीचा आहे, कारण आपली संसद आणि विधिमंडळं त्याच वळणाची. कॅगचा अहवाल घ्या. घटनेच्या कलम १५१ प्रमाणे तो संसदेसमोर किंवा राज्याच्या विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. मराठी बातमीत 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' असं येतं, इंग्रजी पेपरात 'टेबल्ड'. अमेरिकन माणसाने तो मथळा वाचला तर त्याला वाटेल, घ्या, अहवाल बासनात गुंडाळला! (कधीकधी तसंही होतं म्हणा, पण तो वेगळा विषय.)

गंमत म्हणजे दोन्ही अर्थांच्या मुळाशी सभेतलं खरंखुरं टेबल आहे. ब्रिटिशांनी कागद टेबलावर आला याकडे पाहिलं, अमेरिकनांनी तो तिथेच पडून राहिला याकडे. अमेरिकी लष्करातले इंजिनिअर हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये सभा चालवण्याच्या नियमांचं पुस्तक काढलं. तिकडच्या संस्था-मंडळं आजही त्याच्या सुधारित आवृत्त्या वापरतात. त्या नियमांत 'ले ऑन द टेबल' म्हणजे अधिक निकडीचं काम आलं म्हणून हातातला विषय थोडा वेळ थांबवणं. तो पुन्हा चर्चेला घ्यायला वेगळा ठराव लागतो. अमेरिकी प्रतिनिधीगृहात मात्र असा ठराव पास झाला की विषय जवळपास संपलाच. ऑफिसातला अर्थ या दोहोंच्या मधला: 'नंतर बघू'. आपल्याकडे 'नंतर बघू'चं जे होतं तेच तिथेही होतं.

या घोळात भले भले अडकलेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून त्यांनी तो 'टेबल' करायचा आग्रह धरला. अमेरिकन म्हणाले, छे, इतका महत्त्वाचा कागद टेबल कसा करायचा? बराच वेळ कडाक्याची वादावादी झाली आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवंय. चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय.

मी लंडन आणि शिकागो अशा दोन्हीकडच्या लोकांच्या मीटिंगचे मिनिट्स लिहितो. त्यात हा शब्द क्रियापद म्हणून मी वापरतच नाही. 'आयटम ४ टेबल्ड' एवढंच लिहिलं, तर लंडनवाले आकडे घेऊन तयार बसतील आणि शिकागोवाले तो अजेंड्यातून काढून टाकतील. सरळ 'पोस्टपोन्ड' किंवा 'प्रेझेंटेड' लिहावं. दुसऱ्याच्या मेलमध्ये शब्द आला तर आजूबाजूला बघा: 'फॉर नाऊ' जोडलेलं असेल तर बहुतेक विषय पुढे ढकललाय, 'अमेंडमेंट', 'मोशन' असे शब्द असतील आणि लिहिणारा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडचा असेल, तर विषय मांडलाय. तरीही शंका राहिली तर तारीख विचारून मोकळे व्हा.

'ऑन द टेबल' हे मात्र दोन्हीकडे सारखंच. ऑफर 'ऑन द टेबल' आहे म्हणजे ती अजून जिवंत आहे, अमेरिकेतसुद्धा. तीच ऑफर अमेरिकनाने 'टेबल' केली की गारद! 'ऑफ द टेबल' म्हणजे तो पर्याय बाद. 'अंडर द टेबल' तर मराठीत टेबलाखालून कधीचंच आलंय, ते समजावत बसत नाही. आणि 'टर्न द टेबल्स', म्हणजे डाव उलटवणं, याचा सभेशी काही संबंध नाही. ते बॅकगॅमनसारख्या सोंगट्यांच्या खेळातून आलं. त्या खेळांना पूर्वी इंग्रजीत 'टेबल्स' म्हणत.