स्पेनमधल्या ग्रानादाला निघालेल्या विद्यार्थिनीस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. व्हिसा हातात आला, आता फक्त तिकीट काढायचं राहिलंय, हे वाचून फार बरं वाटलं. अभ्यासाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, ते बरोबरच आहे. ते तू करशीलच. विचारलंस ते एवढंच, की संध्याकाळी तिथं काय करायचं? आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस, ‘आई म्हणते, दिवेलागणीनंतर खोलीच्या बाहेर पडू नकोस.’

आईंची काळजी खोटी नाही. त्या काळजीकडे शेवटी येते. पण दिवेलागणीनंतर खोलीत बसलीस, तर दोन वर्षं राहूनही ते गाव तुला भेटणार नाही. मी हे अनुभवून सांगते आहे. मी मूळची कोल्हापूरची, आठ वाजता पानं वाढायची सवय असलेल्या घरातली. ग्रानादातल्या पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी सात वाजता जेवायला म्हणून एका खाणावळीत गेले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आचारी आलेला नव्हता. काउंटरवरचा बटाट्याच्या तोर्तियाचा, म्हणजे जाड आम्लेटचा, गार तुकडा खाऊन परतले आणि साडेनऊला झोपले. खिडकीखालून माणसं बोलत, हसत चालल्याचा आवाज येत होता. असे दोन महिने काढले, आणि सगळ्यांना सांगत राहिले की इथली माणसं मिसळत नाहीत. ती रोज मिसळत होती. त्या वेळी मी झोपलेली असायचे.

म्हणून आधी घड्याळ समजून घे. नकाशात बघ, स्पेन युरोपच्या पश्चिम टोकाला आहे, तरी त्याचं घड्याळ जर्मनीबरोबर चालतं. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ते एक तास पुढं ढकललं गेलं आणि परत मागं आलंच नाही. उन्हाळ्यात आणखी एक तास वाढतो. त्यामुळं ग्रानादात जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास, आणि मावळतो साडेनऊनंतर. लोक ‘उशिरा’ जेवतात असं आपण म्हणतो, पण सूर्याच्या हिशेबानं ते फारसे उशिरा नसतात. तू दुपारी दोन-अडीचला पोटभर जेव. दोन ते पाच बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा अर्धा तास पड. सहाला कॉफीबरोबर काहीतरी खा. त्या खाण्याला ते मेरिएन्दा म्हणतात, आपलं मधल्या वेळचं खाणं. मग नऊ वाजता तू ताजीतवानी असशील. साडेआठ वाजले तरी ऊन असेपर्यंत लोक ‘बुएनास तार्देस’ (शुभ दुपार) असंच म्हणतात, हे लक्षात ठेव. वर्गात मी तुला शब्दाच्या शेवटचा ‘स’ स्वच्छ उच्चारायला लावला. तिथं तो गिळतात, ‘बुएनास नोचेस’ (शुभ रात्री) हे ‘बुएना नोचे’ असंच ऐकू येईल. घाबरू नकोस.

संध्याकाळ चालण्यानं सुरू कर. प्लाथा नुएवा या चौकापासून दार्रो नदीच्या काठाकाठानं जी चिंचोळी वाट जाते, ती कार्रेरा देल दार्रो. एका हाताला नदी आणि तिच्यावरचे छोटे दगडी पूल, दुसऱ्या हाताला जुन्या भिंती. त्यांतच अकराव्या शतकातलं अरबी स्नानगृह आहे. वाट पुढं पासेओ दे लोस त्रिस्तेसला उघडते. त्या नावाचा अर्थ दुःखितांची वाट. आलांब्रा या जुन्या किल्ल्याच्या, राजवाड्यांच्या मागच्या टेकडीवरच्या दफनभूमीकडं अंत्ययात्रा इथून जात. आज तिथं मुलं चेंडू खेळतात, आज्या बाकांवर बसतात, आणि मान वर केली की थेट डोक्यावर आलांब्रा. (त्यातला ‘एच’ बोलत नाहीत, हे आता तुला शंभराव्यांदा सांगते.)

सूर्यास्त बघायला सगळे सान निकोलासच्या कट्ट्यावर जातात. तूही एकदा जा, गर्दी असली तरी ते दृश्य खरंच तेवढं मोठं आहे. नंतर मात्र प्लाथेता दे कार्वाखालेसला जात जा. आल्बाइथीन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या खालच्या अंगाला हा एक लहानसा चौक आहे, त्यात पाणी आणि काही झाडं. तिथून किल्ला जवळ दिसतो आणि बोलणं ऐकू येतं. मावळतीचं ऊन पश्चिमेकडून त्या तांबड्या मातीच्या तटावर पडतं, तेव्हा भिंत आतून तापल्यासारखी दिसते. मग ती विटकरी होते, मग राखाडी. आणि ती विझली असं वाटतं त्याच सुमाराला दिवे लागतात. हिवाळ्यात मागच्या सिएर्रा नेवादा डोंगरांवरचं बर्फ त्यानंतरही थोडा वेळ गुलाबी राहतं. तेवढा वेळ फोन पिशवीत ठेव. आणि शाल घेतल्याशिवाय जाऊ नकोस. गाव सातशे मीटरांवर आहे, ऊन गेलं की थंडी एकदम अंगावर येते.

किल्ल्याच्या टोकाला जो चौकोनी बुरूज दिसतो, तो तोर्रे दे ला वेला. त्याच्यावर एक घंटा आहे. खालच्या सपाट सुपीक भागाला वेगा म्हणतात. तिथल्या शेतकऱ्यांना रात्री पाण्याच्या पाळ्या कळाव्यात म्हणून ही घंटा शतकानुशतकं वाजत आली. पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी रात्री उठणारी माणसं माझ्या घरातही होती. म्हणून मला त्या राजवाड्यांइतकीच ही घंटा जवळची वाटते. २ जानेवारीला सर्वांना वर जाऊन ती वाजवता येते. त्या दिवशी जी मुलगी घंटा वाजवेल, तिचं वर्षात लग्न ठरतं असा समज आहे. वाजवायची की नाही, ते तुझं तू ठरव.

आता खाण्याकडे येते. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ग्रानादाची रात्र इथंच उलगडते. पेयाबरोबर खायच्या छोट्या बशीला टापा म्हणतात. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी टापाचे पैसे पडतात. ग्रानादात मात्र पेय मागवलं की त्याबरोबर एक छोटी बशी येतेच, तिचे वेगळे पैसे नाहीत. तीनेक युरोंत पेय आणि चार घास. दारू घेतलीच पाहिजे असं नाही. मोस्तो माग, तो बिनदारूचा द्राक्षरस. बिनअल्कोहोलची बिअर किंवा साधं सरबती पेयसुद्धा चालतं, बशी तेवढीच येते. कॉफीवर मात्र येत नाही. दुसरं पेय घेतलंस की दुसरी, वेगळी बशी. पुष्कळ ठिकाणी दुसरी पहिलीपेक्षा चांगली आणि तिसरी दुसरीपेक्षा. बशीत काय येणार ते बहुधा बारवाला ठरवतो, म्हणून शाकाहाराबद्दल आधीच बोल. नुसतं ‘मांस नको’ म्हणालीस तर टूना मासा येईल, नाहीतर वर हॅमचे बारीक तुकडे घातलेलं काहीतरी. त्यांच्या लेखी ते मांस नसतं. स्पष्ट सांग: ‘सोय वेखेतारियाना, नी खामोन नी आतून’ (मी शाकाहारी आहे, हॅमही नको, टूनाही नको). हसून सांगितलंस तर बहुतेक वेळा दुसरं काहीतरी करून देतात.

एक पदार्थ मुद्दाम मागव, बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या. वांग्याच्या पातळ काचऱ्या तळून त्यांच्यावर काळसर पाक सोडतात. नावात ‘मध’ आहे, पण तो मध नाही, ती काकवी आहे. अगदी आपली काकवी! अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला आणि मोत्रीलच्या बाजूला तो शेकडो वर्षं पिकत होता. पहिला घास घेतला तेव्हा मला गुऱ्हाळ आठवलं, चुलवणाशी उभं राहून हातावर घेतलेली गरम काकवी आठवली. त्या रात्री बारमध्ये उभी असताना मी पहिल्यांदा परक्या गावात नव्हते.

उभी असताना, हे मुद्दाम लिहिलं. टेबल शोधू नकोस, बारच्या फळीपाशी उभी राहा. बसलेल्या माणसाशी तिथं कोणी सहसा बोलत नाही, उभ्या माणसाशी बोलतात. एका बारमध्ये एक पेय, फार तर दोन, मग पुढं. नावास गल्लीत प्रवासी फार, तू रेआलेखोत जा. तो जुना ज्यू मोहल्ला. तिथल्या काम्पो देल प्रिन्सिपेच्या चौकात घरंच्या घरं बाहेर बसलेली दिसतील, कडेवरच्या बाळांपासून काठी घेतलेल्या आजोबांपर्यंत. पैशांची एक रीत सांभाळ. प्रत्येकानं आपापला हिशेब मांडायचा नाही. एक फेरी एकाची, दुसरी दुसऱ्याची. तू मोस्तो पीत असलीस तरी तुझी पाळी चुकवू नकोस. आणि निघताना शेवटची फेरी म्हणून कोणी ‘शेवटची’ म्हणत नाही, ‘ला पेनुल्तिमा’ म्हणतात, शेवटून दुसरी. आपण दारातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो ना, तसंच.

फ्लामेंकोसाठी, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्या-नाचासाठी, थोडी थांब. पहिल्याच महिन्यात कोणीतरी कागद हातात देईल: बसनं नेणं-आणणं, एक पेय, गुहेतला कार्यक्रम. मीही गेले होते. पन्नास मिनिटांत आठ गाणी, समोर फोनचे उजेड, नाचणाऱ्या बाईंचं लक्ष दाराकडं, कारण पुढची बस बाहेर उभी. मला फार वाईट वाटलं, त्या बाईंसाठीही. साक्रोमोन्ते टेकडीच्या गुहांतला थाम्ब्रा नावाचा नाच-गाण्याचा प्रकार खरा आहे; तिथल्या जिप्सी घरांच्या लग्नातल्या नाचांतून तो आला. पण तो कुठं जिवंत आहे ते तिथल्या माणसाला विचारूनच कळतं. ‘पेन्या’ शोध. पेन्या म्हणजे रसिकांनी स्वतः चालवलेलं मंडळ. आल्बाइथीनमधली ला प्लातेरिया १९४९ पासूनची, स्पेनमधली सर्वांत जुनी समजली जाते.

अशाच एका पेन्यात मी एका म्हाताऱ्या गृहस्थांची सोलेआ, म्हणजे फ्लामेंकोतलं एक गंभीर गाणं, ऐकली. माइक नव्हता. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरून होती, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी ते नुसताच सूर लावून, घसा चाचपडत, बराच वेळ थांबले होते. एक ओळ संपली तेव्हा माझ्या मागून कोणीतरी ‘ओले’ म्हणालं, ओरडून नाही, श्वास सोडल्यासारखं. आपल्या बैठकीत समेवर ‘वा’ निघतो ना, तसं. त्यामुळं तुला एक सांगते: टाळ्यांचा ताल धरू नकोस. त्या टाळ्या म्हणजे एक वाद्य आहे आणि ते वाजवणारे मंचावर बसलेले असतात. तू ऐक.

गाणं धंद्याला लागतं ही हळहळही तिथं जुनीच आहे. १९२२ च्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तेव्हा जेमतेम चोविशीचा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी इतरांच्या साथीनं याच चिंतेतून आलांब्रात, प्लाथा दे लोस आल्खिबेसमध्ये, दोन रात्री कान्ते खोंदोची, म्हणजे फ्लामेंकोतल्या जुन्या, गंभीर गायकीची, स्पर्धा भरवली. धंदेवाईक गायकांना तिच्यात मज्जाव होता. नाव काढलं ते दिएगो बेर्मुदेस या म्हाताऱ्यानं आणि बाराएक वर्षांच्या एका पोरानं. तोच पुढं मानोलो काराकोल म्हणून मोठा झाला. त्या चौकात उभी राहशील तेव्हा हे आठव.

आलांब्रा दिवसा बघशीलच. रात्रीचं तिकीटही काढ, ते वेगळं असतं. उन्हाळी हंगामात राजवाडे रात्री दहाला उघडतात. कोमारेसचा मनोरा मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) कुंपणामधल्या स्थिर पाण्यात उलटा दिसतो, आणि दिवसा गर्दीच्या कलकलाटात हरवलेला कारंज्यांचा आवाज तेव्हा ऐकू येतो.

दोन रात्री मात्र कशासाठीही चुकवू नकोस. एक ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातली बुधवारची. ‘लोस खितानोस’ (जिप्सी) या मंडळाची मिरवणूक रात्रभर साक्रोमोन्ते चढते, वाटेवर होळ्या पेटलेल्या असतात, आणि मूर्ती थांबते तिथं कोणीतरी गाऊ लागतं. पालखीमागं चाललेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. दुसरी ३ मेची, चौकाचौकांत फुलांचे क्रूस उभे राहतात तेव्हाची. प्रत्येक क्रूसापाशी एका सफरचंदात कात्री खुपसलेली दिसेल. त्या जातीच्या सफरचंदाला ‘पेरो’ म्हणतात, आणि ‘पेरो’ म्हणजे ‘पण’सुद्धा. आमची सजावट छान आहे, ‘पण’... असं कोणी म्हणू नये, म्हणून आधीच कात्री.

आता आईंचं म्हणणं. क्लब रात्री एकच्या आधी भरत नाहीत आणि सहापर्यंत चालतात. एक-दोनदा जा, आवडलं तर आणखी जा, पण पहाटेपर्यंत जागणं म्हणजेच तिथली रात्र असं समजू नकोस; माझ्या ओळखीची बहुतेक माणसं एकच्या सुमारास घरी निघत. बरोबर आलेल्यांबरोबरच परत ये. आल्बाइथीनच्या वरच्या गल्ल्या आणि साक्रोमोन्तेची वाट रात्री एकटीनं चालू नकोस. प्लाथा नुएवाहून लहान लाल बस वर जातात, शेवटची किती वाजता आहे ते आधी बघून ठेव, नाहीतर टॅक्सी कर. पेला नजरेआड ठेवू नकोस. रस्त्यावर दारूच्या बाटल्या घेऊन बसायला आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या प्रांतात आहे तिथं, २००६ पासून कायद्यानं बंदी आहे, विद्यार्थी तरी बसतात. त्यांत तू नको. अडचणीला ११२. आणि त्या अरुंद गल्ल्यांत दोन भिंतींमध्ये आवाज वर चढतो, तिसऱ्या मजल्यावर कोणाचं तरी तान्हं झोपलेलं असतं. हसत जा, पण हळू.

आईंना हे पत्र वाचायला दे. त्यांना म्हणावं, बाई स्वतः रात्री साडेबारा वाजता बिब-राम्ब्लाच्या चौकातून चालत घरी यायच्या, आणि त्या वेळीही तिथं नातवंडांना घेऊन बसलेल्या आज्या असायच्या.

पोचलीस की लिही. पहिल्या संध्याकाळी तिसऱ्या बशीत काय आलं तेही कळव.

तुझ्या
बाई